गुडघेदुखीचं पहिलं औषध गोळी नव्हे

"डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय." "मणक्यात गॅप आलाय." "गादी झिजली म्हणे, आता काय उपयोग?" कुठल्याही दवाखान्यात ही वाक्यं रोज ऐकू येतात. आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेली मागणी येते, "दुखायचं थांबेल अशी एखादी चांगली गोळी द्या."

गोळी मिळते. दुखणं चार दिवस थांबतं, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होतं. मग जुनी चिठ्ठी किंवा नुसतं रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणली जाते. असं करत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. तेवढ्यात जिना चढणं बंद झालेलं असतं, देवळात जाणं बंद झालेलं असतं, लग्नाकार्याला गेल्यावर आधी खुर्ची शोधली जाते, आणि हळूहळू घराबाहेर पडणंच कमी होतं.

आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. वयानुसार होणाऱ्या गुडघेदुखीत व्यायाम हाच मूळ उपचार आहे आणि गोळी त्याच्या जोडीला आहे. साध्या कंबरदुखीतही बहुतेक वेळा हेच लागू पडतं. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. गोळी आधी, आणि व्यायाम म्हणजे निघता निघता "थोडं चालत जा" एवढं सांगणं. या उलट्या क्रमाची किंमत रुग्ण आपल्या पायांनी मोजतात, काही जण मूत्रपिंडांनीही मोजतात.

गुडघा म्हणजे स्कूटरचा पार्ट नाही

'झीज' हा शब्द आपण डॉक्टरांनीच लोकांच्या तोंडी दिला. समजायला सोपा आहे, पण त्यातून जे चित्र मनात उभं राहतं ते चुकीचं आहे. झिजणारी वस्तू वापरली की आणखी झिजते. टायर झिजतो, ब्रेक झिजतो, चप्पल झिजते. मग गुडघा झिजला म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस काय करेल? वापर कमी करेल. चालणं कमी, जिना बंद, बाजारहाट मुलाकडे.

सांध्याचं काम मात्र तसं चालत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला थेट रक्तातून पोषण मिळत नाही. ते मिळतं सांध्यातल्या द्रवातून. स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं आणि सोडला की आत शोषलं जातं, साधारण तशीच ही व्यवस्था आहे. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की ती सैल होते, आणि या ये-जा करण्यातून तिला पोषण पोचतं. म्हणजे आपण ज्याला 'वंगण' म्हणतो ते सांध्याला पोचवायचं काम हालचालच करते. सांधा बसवून ठेवला तर त्याचं जेवण बंद केल्यासारखं आहे.

धावणाऱ्या माणसांचे गुडघे लवकर खराब होत असणार असं आपल्याला वाटतं. पण हौस म्हणून, झेपेल एवढं धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा आणि खुब्याचा हा आजार बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. स्पर्धेत उतरणाऱ्या व्यावसायिक धावपटूंमध्ये मात्र तो जास्त दिसला. म्हणजे प्रश्न वापराचा नसून मात्रेचा आहे. औषधाच्या बाबतीत आपल्याला हे पटकन कळतं. कमी घेतलं तर गुण नाही, जास्त घेतलं तर अपाय. हालचालीचंही तसंच आहे.

इथे कोणी विचारेल, "आमची आई आयुष्यभर शेतात राबली, तिचे गुडघे का गेले मग?" प्रश्न अगदी योग्य आहे. वर्षानुवर्षं तासन् तास उकिडवं बसणं, गुडघे टेकून काम करणं, डोक्यावर-पाठीवर ओझं घेऊन चालणं याने गुडघ्याच्या संधिवाताचा धोका वाढतो. अशा कामात मात्रा आपल्या हातात नसते. दुखलं म्हणून थांबता येत नाही, स्नायूंना सावरायला मधला दिवस मिळत नाही. व्यायामात नेमकी हीच गोष्ट आपल्या हातात येते. किती करायचं, कधी थांबायचं आणि कधी वाढवायचं हे ठरवता येतं. म्हणून "घरकाम करतेच की, वेगळा व्यायाम कशाला" हे म्हणणं बरोबर नाही. दिवसभर ओट्याशी उभं राहून पाय थकतात, पण मांडीचे स्नायू बळकट होत नाहीत.

एक्स-रे पाहून घाबरू नका

'गॅप आलाय' या शब्दप्रयोगाची एक गंमत आहे. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मध्ये जे अंतर दिसतं तिथे कूर्चा असते, ती एक्स-रेमध्ये दिसत नाही. संधिवातात ते अंतर कमी होतं. म्हणजे 'गॅप' येत नाही, असलेला गॅप कमी होतो. पण शब्द असा रूढ झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं शरीर मधूनच सुटत चाललं आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की चित्र आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. एक्स-रे बराच बिघडलेला असून मजेत चालणारी माणसं असतात, आणि एक्स-रे जवळजवळ चांगला असून रडकुंडीला आलेलीही असतात. मणक्याबद्दल तर याचे स्पष्ट आकडे आहेत. अजिबात कंबर न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षांच्या वयोगटातल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये 'झीज' दिसली, तर ऐंशीच्या वयोगटात ९६ टक्के लोकांमध्ये. हे सगळे कंबर न दुखणारे लोक होते! चेहऱ्यावर सुरकुत्या येतात तशा मणक्यातही येतात. त्या रिपोर्टमध्ये छापून आल्या की आजार वाटू लागतात.

म्हणून साध्या कंबरदुखीत किंवा गुडघेदुखीत, धोक्याची लक्षणं नसतील तर, एमआरआयसाठी घाई करू नका. ती लक्षणं कोणती ते पुढे सांगते.

विश्रांतीचं दुष्टचक्र

गुडघा दुखतो म्हणून आपण बसतो. बसलं की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू दुबळा होत जातो. हा स्नायू गुडघ्याचा शॉक-ॲब्सॉर्बर आहे. पाऊल पडताना बसणारा हिसका तो झेलतो. तो दुबळा झाला की तोच हिसका थेट सांध्यावर जातो, दुखणं वाढतं आणि आपण आणखी बसतो. त्यात वजन वाढतं, झोप बिघडते, मन उदास होतं. वाईट झोप आणि उदास मन यामुळे तेच दुखणं जास्त जाणवतं, हेही आता नीट माहीत झालं आहे.

कंबरदुखीत पूर्वी 'फळीवर आठवडाभर झोपून राहा' असं सांगायची पद्धत होती. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दुखणं बरं होण्यात काही फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या रजा मात्र कमी झाल्या. आता तर सल्ला आणखी पुढे गेला आहे. जमेल तेवढं हिंडत-फिरत राहा, असंच जगभर सांगितलं जातं. आपल्याकडे मात्र 'सक्तीची विश्रांती' अजून चिठ्ठ्यांवर लिहिली जाते, आणि घरचेही प्रेमापोटी तीच लादतात.

गोळीचा हिशोब

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. दुखणं एकदम उसळलं असेल, रात्रभर झोप नसेल, तेव्हा काही दिवस गोळी घेणं योग्यच आहे. त्या आधाराने व्यायाम सुरू करता येत असेल तर उत्तमच. माझा आक्षेप आहे तो महिनोन् महिने, न विचारता, फराळासारख्या घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांना.

डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, इबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या एकाच मोठ्या कुटुंबातल्या गोळ्या आहेत. पोटात अल्सर होणं आणि रक्तस्राव होणं, रक्तदाब वाढणं, अंगावर सूज येणं, हृदयविकाराचा धोका वाढणं आणि मूत्रपिंडांना इजा होणं हे त्यांचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. सोबत पोटाची गोळी घेतली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती गोळी पोट सांभाळते. मूत्रपिंडांना तिचा काही उपयोग नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, आणि त्यात वेदनाशामक गोळीची भर पडली, तर मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो. जुलाब-उलट्या होऊन किंवा उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की हा धोका आणखी वाढतो. आता विचार करा, आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्यांचं वय काय असतं? साठीच्या आसपास. आणि त्या वयात रक्तदाब, मधुमेह किती घरांत असतो?

मूत्रपिंडावरून आठवलं. आपल्या आकाशातली गिधाडं कशी नाहीशी झाली ते तुम्ही वाचलं असेल. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसात राहत होतं. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने हे औषध जनावरांसाठी बंद केलं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, त्यामुळे अधूनमधून घेतलेल्या एखाद्या गोळीला घाबरायचं कारण नाही. पण ज्या औषधाने एवढं केलं ते 'साधी दुखायची गोळी' म्हणून पिशवीत पडून राहावं, हे काही बरं नाही.

आणि 'औषधाविना' याचा अर्थ 'ॲलोपॅथीशिवाय' असा घेऊ नका. नाव-गाव नसलेल्या पुड्या, 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि कॅप्सूल यांत लपवून स्टेरॉइड घातलेलं अनेकदा सापडलं आहे. पहिल्या दोन दिवसांत जादू व्हावी तसं दुखणं गेलं, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

मग करायचं काय? मात्रा लिहून घ्या

"व्यायाम करा" हे सांगणं म्हणजे "औषध घ्या" असं सांगण्यासारखं आहे. कोणतं, किती, कधी? म्हणून नीट सांगते. गुडघेदुखीसाठी सुरुवात अशी करा.

१. मांडी आवळणं. पाय सरळ पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मनात पाच आकडे मोजा, मग सोडा. प्रत्येक पायाने १० वेळा.

२. पाय सरळ उचलणं. पाठीवर झोपा. एक गुडघा दुमडून ठेवा. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर किंवा थोडा जास्त उचला, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने १० वेळा.

३. खुर्चीतून उठणं. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसा. हातांचा आधार न घेता उभं राहा आणि सावकाश बसा. धपकन बसू नका, खरा व्यायाम बसतानाच होतो. जमत नसेल तर खुर्चीवर एक-दोन उश्या ठेवून उंची वाढवा. १० वेळा, मध्ये विसावा घेत दोन-तीन फेऱ्या. एकच व्यायाम करणार असाल तर हाच करा.

४. टाचा उचलणं. ओट्याला धरून उभं राहा. चवड्यांवर उंच व्हा, सावकाश खाली या. १० ते १५ वेळा. चहा उकळेपर्यंत होऊन जातो.

५. चालणं. सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा १० मिनिटांनी सुरू करा. दर आठवड्याला थोडं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवते. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही.

पहिले दोन प्रकार रोज करा. तिसरा आणि चौथा एक दिवसाआड केला तरी चालेल, स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. सोपं वाटू लागलं की फेऱ्या वाढवा, उशी काढा, नंतर हातात पाण्याच्या बाटल्या घ्या. भार वाढवला नाही तर ताकद वाढत नाही. हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा तोल जात असेल, तर सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

"पण करताना दुखतं!"

हो, दुखेल. इथेच बहुतेक जण सोडून देतात. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. अजिबात दुखत नाही म्हणजे शून्य आणि सहनच होत नाही म्हणजे दहा, असं धरा. व्यायाम करताना दुखणं पाचच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं किंवा सूज आली तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. थोडं दुखणं म्हणजे आत काही तुटतंय असं नाही. बराच काळ न वापरलेला सांधा आणि स्नायू जागे होताना कुरकुरतात.

किती दिवसांत गुण येईल? गोळीला तासभर लागतो. व्यायामाला सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवस करून "काही फरक नाही" म्हणणं म्हणजे बी पेरून दुसऱ्या दिवशी कणीस शोधण्यासारखं आहे.

आणि किती गुण येईल? इथे मी फुगवून सांगणार नाही. व्यायामाने गुडघा पंचविशीतला होत नाही. दुखणं पूर्ण जाईलच असंही नाही. सरासरी पाहिली तर व्यायामाने मिळणारा आराम साधारण गोळ्यांनी मिळतो तेवढाच असतो. पण गोळी फक्त दुखणं दाबते. व्यायामाने ताकद वाढते, तोल सुधारतो, पडण्याचा धोका कमी होतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात यायला मदत होते, झोप लागते. आराम तेवढाच, आणि दुष्परिणामांच्या जागी फायदे. मग पहिली निवड कोणाची असावी?

हे माझं एकटीचं मत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत या आजाराच्या सगळ्या रुग्णांना व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, हाच पाया मानला आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. आजार समजावून सांगणं आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा आठवड्यांत १२ वेळा व्यायाम, एवढाच तो कार्यक्रम आहे. तो आता इतर अनेक देशांत पोचला आहे. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. आपल्या तालुक्याच्या गावीही तो चालू शकतो, चालवायची इच्छा हवी.

वजनाचं गणित

वजन जास्त असेल तर हा भाग दोनदा वाचा. वजनात एक किलो घट झाली की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं. पाच किलो कमी केलेत तर प्रत्येक पावलाला वीस किलो. दिवसाला तीन हजार पावलं, म्हणजे एका गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार. रोजचा तीस हजार किलो भार एका गुडघ्यावरून उतरतो! २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही दीड वर्ष सांभाळणाऱ्यांचं वजन दहा टक्क्यांहून थोडं अधिक उतरलं आणि दुखणं सुमारे निम्मं झालं. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांना एवढा फायदा झाला नाही.

घरातल्या छोट्या सोयी

काठी वापरायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आधी. भारतीय पद्धतीच्या शौचकुपाऐवजी कमोड किंवा त्यावर ठेवायची खुर्ची वापरा, शेजारी भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. भाजी निवडणं, कणीक मळणं जमिनीवर बसून करण्याऐवजी टेबलावर करा. घट्ट झालेल्या स्नायूंना गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या. ताजी सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर शेक घेताना जपा, भाजल्याचं कळत नाही.

जमिनीवर बसणं कायमचं सोडायला मी सांगत नाही. फार दुखतंय तोवर टाळा. पायात ताकद आली की हळूहळू पुन्हा सुरू करायला हरकत नाही. जमिनीवरून उठता येणं ही म्हातारपणी मोठी संपत्ती आहे.

पैसे कुठे घालू नयेत

तेल लावून हलक्या हाताने केलेल्या मालिशने स्नायू सैलावतात, तात्पुरतं बरं वाटतं. जरूर करा. तेल आत झिरपून सांध्याला वंगण मिळतं, ही समजूत मात्र सोडा. तांब्याचं कडं, चुंबकाचे पट्टे यांचा बनावट पट्ट्यांपेक्षा जास्त उपयोग होत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. ग्लुकोसामिनच्या महागड्या गोळ्या 'नाइस' सुचवत नाही. दुर्बिणीतून गुडघ्याची 'सफाई' करण्याच्या शस्त्रक्रियेची २००२ साली खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली. म्हणजे काही रुग्णांना फक्त वर काप देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता.

आणि फिजिओथेरपीबद्दल एक कळकळीची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी 'फिजिओ' म्हणजे दहा दिवस मशिनचा शेक, असं समीकरण झालं आहे. रुग्ण पडून राहतो, मशिन काम करतं. चांगला फिजिओथेरपिस्ट तुमच्याकडून काम करून घेतो, व्यायाम तपासतो, चुका दुरुस्त करतो, दर वेळी थोडं पुढे नेतो. पैसे त्या शिकवण्याचे द्या.

इथे मात्र थांबू नका

वर सांगितलेलं सगळं प्रत्येक सांधेदुखीला लागू नाही. पुढीलपैकी काही असेल तर व्यायामाच्या भरवशावर न राहता लवकर डॉक्टरांना दाखवा.

- सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप
- सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणारा ताठरपणा, विशेषतः दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजणं. हा आमवात असू शकतो. त्यात औषधं लवकर सुरू करणं फार गरजेचं असतं, आणि चालू असलेली औषधं हा लेख वाचून बंद करायची नाहीत
- पडल्यावर किंवा मार लागल्यावर पायावर भार न देता येणं
- विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं
- एका पायाची पोटरी अचानक सुजणं आणि दुखणं
- कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं. यात त्याच दिवशी रुग्णालय गाठा

व्यायाम, वजन, सोयी हे सगळं मनापासून करूनही चालणं अवघड झालं असेल, तर सांधाबदलाची शस्त्रक्रिया हा चांगला पर्याय आहे. त्याला घाबरू नका. आधी कमावलेली मांडीची ताकद तेव्हाही उपयोगी पडते.

घरच्यांसाठी दोन शब्द

"आई, तू बस, मी करते." "बाबा, तुम्ही नका येऊ, रिक्षाने जाऊ." हे आपण प्रेमाने म्हणतो. पण दुखणाऱ्या माणसाला सतत बसवून ठेवणं म्हणजे त्याची ताकद थोडी थोडी काढून घेणं आहे. त्यापेक्षा संध्याकाळी दहा मिनिटं त्यांच्याबरोबर चाला. खुर्चीतून उठायचा व्यायाम त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही करा. आईला व्यायामासाठी दिवसातली वीस मिनिटं मोकळी मिळतात का, तेही पाहा. अनेक घरांत तिला गोळीसाठी पैसे मिळतात, पण वेळ मिळत नाही.

आणि पुढच्या वेळी गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. "ही गोळी किती दिवस घ्यायची आणि कधी थांबवायची?" आणि "कोणता व्यायाम, किती वेळा करायचा, तेही याच कागदावर लिहून द्याल का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. उठाल तेव्हा हातांचा आधार न घेता उठा.